लंगोट कोण धुतं?

कापडी लंगोटाची महती गाणाऱ्यांनी एक आषाढ-श्रावण शिराळ्यात काढावा. मोरणेच्या काठचं हे माझं माहेर. पश्चिमेला चांदोलीचं रान, आणि तिकडून आलेला पाऊस एकदा बसला की हलायचं नाव घेत नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटी गॅसजवळ ठेवावी लागते, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. जिथं पंचा दोन-दोन दिवस ओला राहतो तिथं चारपदरी सुती लंगोट वाळणार कधी? माझ्या बाळंतपणात आज्जीला हा प्रश्नच कळला नाही. “ऊन न्हाई तर न्हाई, शेगडी हाय की,” म्हणाली. निखाऱ्यांवर डालगं पालथं घालून तिनं त्यावर एकेक लंगोट पसरला. एका अंगानं शेकला की उलटायचा, दुसऱ्या अंगानं शेकला की उचलून गालाला लावायचा. कोमट कापड हाताला वाळलेलं वाटतं, पण शिवणीत ओल राहिलेली असते. ती गालालाच कळते. मग घडी घालून उशाशी. या सगळ्याला किती वेळ गेला ते तिनं मोजलं नाही, आणि तिच्यासाठी ते कुणी कधी मोजलेलंही नव्हतं.

माझं सासर जत तालुक्यात. जिल्हा एकच, सांगली. पण मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन तिकडं गेले तेव्हा प्रश्न बरोब्बर उलटा झाला. तिथं लंगोट दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. टाचणी टोचणार नाही इतका कडक होतो, हातानं चोळून मऊ करावा लागतो. उन्हाला तोटा नाही, तोटा पाण्याला. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी जतच्या काही भागात पोचलं, पण आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात अजून टँकरकडेच डोळे असतात. लंगोट म्हणजे फक्त धुणं नव्हे. आधी शी झटकायची, मग विसळायचं, मग साबण, मग पुन्हा दोनदा खळबळायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला काही बोलल्या नाहीत. त्या फक्त विसळलेलं पाणी बादलीत धरून शेवग्याच्या बुडाला नेऊन ओतायच्या, आणि मला माझ्या प्रत्येक तांब्याचा हिशेब कळायचा.

एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना एकच कापड इतकं वेगळं वागत असेल, तर ‘कापडी चांगले की विकतचे’ या प्रश्नाला एक उत्तर कसं असेल? गंमत म्हणजे विलायतेतल्या शास्त्रज्ञांनाही अखेर इथंच यावं लागलं. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीनं 2005 साली दोन्ही प्रकारांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. कापूस पिकवण्यापासून ते धुण्याच्या विजेपर्यंत सगळं धरलं, आणि पर्यावरणाच्या दृष्टीनं दोहोंत फारसा फरक नाही असा निष्कर्ष काढला. कापडवाले खवळले. मग 2008 मध्ये तोच हिशेब सुधारून मांडला. अडीच वर्षांच्या वापरात विकतच्या डायपरांचा कार्बन सुमारे 550 किलो आला, कापडी लंगोटांचा सरासरी 570. पण त्या सरासरीच्या पोटात खरी गोष्ट होती. मशीन पूर्ण भरून धुतलं, वाळवणाऱ्या यंत्राऐवजी बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट पुढच्या मुलालाही वापरले, तर कापडाचा भार चाळीस टक्क्यांनी उतरतो. उलट यंत्रात वाळवत बसलं तर कापड विकतच्यापेक्षाही महाग पडतं. म्हणजे निकाल कापडात नाही, धुण्या-वाळवण्यात आहे. दोरीचं महत्त्व कळायला त्यांना दोन अहवाल लागले. आमच्या आज्जीनं फुकट सांगितलं असतं.

मात्र या अहवालांतही एक रकाना कोराच राहिला. वीज धरली, पाणी धरलं, साबण धरला, कापूस धरला. धुणारे हात धरले नाहीत. ते मोजायची पद्धत नाही म्हणून नव्हे, ते नेहमीच फुकट असतात म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की लंगोटाचा सगळा वाद त्या कोऱ्या रकान्यात आहे, आणि आपण तो बाळाच्या त्वचेवर, परंपरेवर, पृथ्वीवर घालत बसतो.

‘आमच्या वेळी नव्हतं हो हे डायपर-बियपर. केलंच की आम्ही.’ हे वाक्य प्रत्येक नव्या आईला बाळंतविड्याबरोबर मिळतं. ते खोटं नाही. पण त्यातल्या ‘आम्ही’कडे नीट बघायला हवं. माझी आई माझ्या वेळी बाळंतीण होती तेव्हा लंगोट धूत होती तिची आई. तेलपाणी करायला गल्लीतली एक म्हातारी यायची, पाणी तापवायला मामी, आणि दुपारी मला मांडीवर घ्यायला शेजारच्या दोन परकरी पोरी. बाळंतिणीनं पाण्यात हात घालायचा नाही, हा नियम होता. वात धरेल, अंगावरचं दूध गार पडेल, अशी त्याची कारणं सांगत. कारणं वैद्यकाला पटोत न पटोत, नियमाचा परिणाम मात्र साफ होता. सव्वा महिना लंगोट आई धूत नसे.

त्याहून अवघड गोष्ट सोयराची. मूल जन्मलं की घराला सोयर. बाळंतिणीनं चुलीला शिवायचं नाही, देवाला शिवायचं नाही, बाजेवरून उठून इकडंतिकडं जायचं नाही. बाईनं जीव पणाला लावून मूल जन्माला घालायचं आणि त्याच कारणानं तिला अस्पर्श ठरवायचं, यातला अपमान मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण याच अपमानकारक नियमानं तिला दहा-बारा दिवस स्वयंपाकघरापासून हक्कानं लांब ठेवलं हेही खरं. ‘तिला विश्रांती हवी’ असं म्हणायची सोय त्या घरात नव्हती. ‘तिला विटाळ आहे’ असं म्हणायची होती. विश्रांती विटाळाच्या पदराखालून यायची. आता शिकल्या-सवरल्या घरांतून सोयर गेलं, आणि जावंच. आम्हीही पाळलं नाही. पण त्याच्याबरोबर निमूटपणे विश्रांतीही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. सातव्या दिवशी मी ओट्यापाशी उभी होते, आणि सगळ्यांना माझं केवढं कौतुक! ‘बघा, कशी तरतरीत आहे.’ विटाळ मानत नाही म्हणून मिरवणाऱ्या घरानं हेही विचारायला हवं होतं, की मग आता हिला बसवायचं कोणत्या नावानं?

जुन्या व्यवस्थेचं गुणगान मला करायचं नाही. तिच्यात कुढणंही भरपूर होतं. लेकीच्या बाळंतपणात आई राबायची आणि सुनेच्या बाळंतपणाला ‘हिचं माहेर बघेल’ म्हणायची. ज्यांना माहेरच नव्हतं, किंवा असून नसल्यासारखं होतं, त्यांचं काय झालं ते ओव्यांतूनच शोधावं लागतं. आणि हे ध्यानात ठेवावं की ते सगळे हात बायकांचेच होते. शिराळा तालुक्यातल्या कित्येक घरांतला कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. आधी गिरणीत, मग गोदीत, मार्केटात. पत्रानं कळायचं, मुलगी झाली. बारशाला सुट्टी मिळाली तर यायचा. बाप हा लंगोटाच्या कक्षेत कधी आलाच नाही. त्यामुळं त्याला वगळण्याचा वेगळा नियम करावा लागला नाही.

आणखी एक. जुना लंगोट गळायचा. गळणं हा त्याचा दोष मानलाच जात नव्हता. चौकोनी कापडाची त्रिकोणी घडी, वर गाठ किंवा कंबरेला नाडी, बस्स. मूल ओलं झालं की खालची वाकळ ओली, वाकळीखालची जमीन शेणानं सारवलेली, ती पिऊन टाकायची. मांडीवर शू झाली तर लुगडं धुवायचं. बरेचदा त्याआधीच आज्जी पोराला दोन पायांवर बसवून ‘शूऽऽ शूऽऽ’ करायची, आणि पोर करायचंही. माझ्या मुलीच्या तोंडाकडं बघून आज्जी सांगते, आता करणार. मला अजून दिसत नाही ते. म्हणजे जुनी व्यवस्था चालायची ती लंगोटाच्या जोरावर नाही. ओलं सहन करणारं घर आणि मोकळी बसलेली एक म्हातारी, या दोन गोष्टींच्या जोरावर. आता फरशी आली, गादी आली, सोफा आला, चारचाकी आली, भाड्याचं घर आलं. यातली एकही वस्तू ओलं पीत नाही. डायपर बाळासाठी कमी आणि या वस्तूंसाठी जास्त लागतो. पाहुणे आले की मुलीला आधी डायपर घालते. तिच्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

हे इथंच घडलं असं नाही. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईला रोज ओल्या चादरी धुऊन वीट आला, तेव्हा तिनं न्हाणीघराचा पडदा फाडून लंगोटावरचं आवरण शिवलं. 1951 मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. आधी ती कारखानदारांकडं गेली होती, त्यांना त्यात काही दम वाटला नव्हता. पुढं 1961 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं पॅम्पर्स बाजारात आणलं, आणि 1980च्या दशकात पाणी शोषून त्याचा जेलीसारखा गोळा करणारी भुकटी डायपरात आली तेव्हापासून ओलं लागणंच थांबलं. बाळाला ओलं लागत नाही म्हणून बाळ रडत नाही, रडत नाही म्हणून घाई नाही. त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली मांडलेलं मत रुजत गेलं, की शी-शूच्या सवयीसाठी मुलाच्या मागं लागू नये, ते तयार होईल तेव्हा करेल. मत विचारी होतं, त्याआधीच्या मारहाणीपेक्षा कितीतरी माणुसकीचं. पण तेच ब्रेझल्टन 1990च्या दशकाच्या अखेरीला मोठ्या मुलांसाठीच्या सहा नंबरच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले. मूल तयार होण्याची वाट बघण्यात आता कंपनीचाही फायदा होता. म्हणून ब्रेझल्टन यांचं म्हणणं खोटं ठरत नाही. आपल्या सोयीचा कुणीतरी धंदा करतोय, एवढं माहीत असलेलं बरं.

डोनोव्हनबाईंचे खरे वारस म्हणजे आजचे नव्या पद्धतीचे कापडी डायपर. मी ते वापरते. वरचं आवरण पाणी न झिरपणाऱ्या कापडाचं, त्याला टिचबटणांच्या ओळी, म्हणजे बाळ वाढेल तशी मापं वाढवता येतात. आत सुती किंवा बांबूच्या धाग्याचं जाड पॅड. एकेक चारशे-पाचशेला पडतो. बाळाला घालण्याआधी पॅड चार-पाच वेळा धुवावं लागतं, तेव्हा कुठं ते पाणी प्यायला लागतं. कपडे मऊ करायचं द्रव्य घालायचं नाही, त्याचा थर बसून पॅड शोषेनासं होतं. उकळत्या पाण्यात आवरण टाकायचं नाही, इलॅस्टिक जातं. जतच्या क्षारांच्या पाण्यात साबण नीट निघत नाही, मग पॅडला असा झणका येतो की डोळ्यांत पाणी यावं. आज्जीनं हे प्रकरण हातात घेऊन उलटसुलट केलं, बटणं उघडमीट केली आणि म्हणाली, “लंगोट बरा हाय. पन ह्यो वाळंल कवा?” शिराळ्याच्या पावसात ते जाड पॅड दोन दिवस वाळत नाही. तिच्या जुन्या धोतराच्या पातळ लंगोटाला डालगं पुरायचं. एवढ्या शोधानंतर आम्ही पुन्हा तिथंच आलो.

दिवसा घरात कापडी, रात्री आणि एसटीत विकतचा, पाऊस लागला की कुठलाही. आमचं असं चाललंय. कापडीवाल्यांच्या लेखी मी कच्ची, आणि विकतचेवाल्यांच्या लेखी हौशी.

पैशाचं बोलू. विकतचा डायपर दहा-बारा रुपयांना. दिवसाला पाच-सहा धरले तर महिन्याला पंधराशे ते दोन हजार. आमच्या भागात खुरपायला जाणाऱ्या बाईची हजेरी तीनशेच्या आसपास, म्हणजे महिन्याची पाच-सहा हजेऱ्या डायपरात. तरीही खेड्यातल्या किराणा दुकानात सुट्टे डायपर लटकलेले दिसतात, एकेक, दोन-दोन. लोक उधळे झालेत म्हणून ते खपत नाहीत. जिला उद्या सकाळी कामावर जायचंय तिच्यासाठी त्या दहा रुपयांत चार तासांची सलग झोप असते. झोप इतकी स्वस्त दुसरीकडं कुठं मिळते? 22 सप्टेंबर 2025 पासून बाळाच्या डायपरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, त्याचं आयांना काय ते अप्रूप. मला त्यात वाईट वाटत नाही. पण सरकारनं नव्या आईच्या कामाची दखल घेतली ती कराच्या दरात, हे ध्यानात येतं.

कचऱ्याचं तर विचारूच नका. 2016च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून द्यायचे होते, आणि गुंडाळायची पिशवी उत्पादकानं पुरवायची होती. पुड्यातून अशी पिशवी निघालेली मी तरी पाहिली नाही. गावातून घंटागाडी फिरते, पण वाडीवस्तीवर ओढा हीच घंटागाडी. पावसाळ्यात ओढ्याच्या झुडपांना फुगलेले पांढरे गोळे अडकलेले दिसतात. चीड येते. मग सोसायटीच्या सभेत, शाळेच्या व्याख्यानात, पर्यावरण दिनाला कुणीतरी उठतं आणि म्हणतं, आयांनी कापडाकडं वळावं. आयांनी! उत्पादकानं पिशवी दिली नाही, ग्रामपंचायतीनं गाडी पाठवली नाही, आणि पृथ्वी वाचवायची ती जिच्या पोटाचे टाके अजून ओले आहेत तिनं. गृहस्थ बोलून खाली बसतात. त्यांच्या घरी त्यांचे लंगोट कुणी धुतले होते हे त्यांना विचारायचं धाडस कुणी करत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या. साखरपट्ट्यात त्यांच्या कोप्या पडतात. एका नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. बाई बाळंत झाली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. म्हणून तान्हं पोर घेऊन ती फडात येते. बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी आणि पोराच्या बुडाखाली त्याच लुगड्याचा तुकडा. ते तुकडे ती कधी धुते? पहाटे, मोळ्या बांधायला जायच्या आधी, पाटाला पाणी असेल तर. ती शंभर टक्के कापडी आहे, तिच्या वाट्याचं प्लॅस्टिक शून्य. पर्यावरणाच्या सगळ्या कसोट्यांना ती उतरते. तिचं उदाहरण मात्र त्या व्याख्यानांत कुणी देत नाही, कारण दिलं तर कळेल की ज्याला आपण निसर्गस्नेही निवड म्हणतो तिच्या पायाशी पुष्कळदा निवडच नसते.

तर मग काय, विकतचेच वापरावेत? नाही. मला कापड आवडतं. ऊन असेल तेव्हा दोरीवर ओळीनं वाळणारे लंगोट बघून बरं वाटतं, पैसे वाचतात, ओढ्याला माझ्यामुळं त्रास नाही. पण कापडाची एक अट असायला हवी आणि ती पाकिटावर छापायला हवी: धुणारे हात आईचे नसावेत. निदान पहिले तीन महिने नसावेत. हात कमी पडत असतील तर विकतचा आणा, पृथ्वी तेवढं सोसेल.

हात कुणाचे, याचं उत्तर लपलेलं नाही. केंद्र सरकारच्या 2019च्या वेळेच्या पाहणीत असं दिसलं की घरच्या बिनपगारी कामात बायकांपैकी 81 टक्के दिवसाकाठी हात घालतात, पुरुषांपैकी 26 टक्के. हात घालणाऱ्या बाईचा त्यात सरासरी 299 मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा 97. ते 97 वाचून मला आधी आश्चर्यच वाटलं. मग लक्षात आलं, ही उरलेल्या पाऊण हिश्श्याला सोडून काढलेली सरासरी आहे.

माझा नवरा लंगोट धुतो. हे लिहिताना कौतुकाचा सूर लागू नये म्हणून मी वाक्य लहान ठेवलं. पण गावात त्याचं वाक्य लहान राहिलं नाही. जतला परसदारी दगडावर बसून त्यानं पहिला लंगोट आपटला तेव्हा आत्याबाई लगबगीनं आल्या, “ठेव, मी टाकते.” त्यांचा हेतू चांगला होता, आणि नेमका तोच अडचणीचा आहे. मुलाच्या हातातलं काम काढून घ्यायला आई धावते ती त्याला वाचवायला. सुनेच्या हातातलं काढायला तितक्या धावत नाही, कारण तिच्या हातात ते शोभतं. शिराळ्यात शेजारच्या काकांनी ‘जावईबापू, नोकरी लागली वाटतं’ असा विनोद केला. तो हसला आणि पिळत राहिला. मला वाटतं बदल असाच होतो, निबंधानं नाही. पण तो सोमवारी पहाटे कामावर गेला की पुन्हा मी आणि बादली. खासगी नोकरीतल्या बापाला मूल झाल्याबद्दल कायद्यानं एका दिवसाची रजा नाही. 2017 मध्ये आईची पगारी रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर नेली, ते उत्तम झालं, जरी तिचा लाभ संघटित नोकरीतल्या मूठभर बायकांना होतो. पण त्या कायद्यानं हेही ठरवून टाकलं की सव्वीस आठवडे घरी कोण असेल. स्वीडननं 1974 मध्येच आई-बाप दोघांत वाटून घ्यायची रजा आणली, आणि पुढं तिच्यातले काही दिवस बापानंच घ्यायचे, नाही घेतले तर बुडाले, असं केलं. बुडतील म्हटल्यावर बाप रजा घेऊ लागले. माया आधीही असेल, पण मायेला थोडा नियम लागतो. आपल्या सोयरालाही तेच माहीत होतं.

धुण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीचं एवढं काय, असं वाटत असेल तर गोव्यातला एक अभ्यास सांगते. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या इस्पितळात आलेल्या गरोदर बायकांची पाहणी करून 2002 साली तो छापला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी बघितलं तर त्यातल्या 23 टक्के बायकांना नैराश्य होतं. पुढं 2017 मध्ये देशभरातले असे अभ्यास एकत्र केले तेव्हाही आकडा 22 टक्क्यांवरच आला. गरिबी, नवऱ्याचा जाच, मुलीचा जन्म ही गोव्यात दिसलेली कारणं. लंगोट धुतल्यानं नैराश्य येतं असं त्यात म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण रात्री तीनला ओला लंगोट बदलून, दूध पाजून, ढेकर काढून, आता झोपावं तर पुन्हा पाय ओले, अशा वेळी ज्या बाईच्या शेजारी उठणारं कुणी नाही आणि सकाळी बादली भरून ठेवलेली आहे, तिला ‘मातृत्वाचा आनंद’ हे शब्द कसे लागत असतील? आमच्याकडं पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आईच्या नशिबाचा कागद कोण ठेवतं?

श्रावणात शिराळ्याला नागपंचमी असते, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली. आदल्या दिवशी भावाचा उपवास, पंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. नांगरालाही सुट्टी. धुवायचं नाही असं मात्र कुणाला सुचलं नाही.

घरातलं बायकांचं काम घरातच राहतं, त्याचं सार्वजनिक काय करायचं, असं म्हणणाऱ्यांना याच जिल्ह्यानं एकदा उत्तर दिलेलं आहे. 1980च्या दशकात सांगली-साताऱ्यात टाकलेल्या बायका संघटित झाल्या. शिराळ्यापासून जवळच कासेगावला राहणाऱ्या कार्यकर्त्या गेल ऑम्व्हेट, इंदुताई पाटणकर अशी मंडळी त्यांच्यासोबत होती. नवऱ्यानं टाकलं हा तोवर नशिबाचा आणि अब्रूचा विषय होता. त्या बायकांनी तो रेशनकार्डाचा आणि घराच्या जागेचा विषय केला. रडायच्या गोष्टीचा अर्ज केला.

लंगोटाचाही अर्ज करता येईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बाईलाच नवजात बाळ तपासायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि 2011 पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊ लागल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. आमच्याकडंही यायच्या. बाळाचं वजन काट्याच्या झोळीत, ताप काखेत, नाळ कोरडी आहे का, दूध ओढतंय का, सगळं विचारून तक्त्यात भरायच्या. अतिशय मन लावून. त्या तक्त्यात दोन ओळी वाढवा एवढंच माझं मागणं आहे. आईला सलग चार तास झोप मिळाली का? आणि लंगोट कोण धुतं? पहिल्या प्रश्नाला सासूबाई उत्तर देतील, दुसऱ्याला घरातले सगळे जण एकमेकांकडं बघतील. बघू देत. सरकारी कागदावर प्रश्न आला की घरात तो विचारायला कुणाला लाज वाटत नाही. नवऱ्यासमोर विचारा, त्याचं नाव लिहून घ्या, आणि पुढच्या भेटीला बादली बघा.

आमच्या आशाताईंना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी तक्ता पिशवीत ठेवला, चहा संपवला. 2023च्या अखेरीला मोबदल्यासाठी राज्यभरातल्या आशांनी संप केला त्यात त्याही होत्या. “लिहायला काय, लिहीन की,” म्हणाल्या. “पण ताई, आमची धाकटी आठ महिन्यांची असल्यापासून मी घरोघर फिरतीय. माझ्या घरी कोण येतंय विचारायला?”